गरम झाली की बंद पडणारी गाडी

प्रश्न : जुनी पेट्रोल कार घाटात अचानक बंद पडते. स्टार्टर फिरतो, इंजिन सुरू होत नाही. अर्ध्या तासाने होते. गॅरेजमध्ये दोष सापडत नाही.

उत्तर : निवल्यावर सुरू होते, हाच धागा धरा. माझा पहिला संशय क्रँकशाफ्ट सेन्सरवर. तापल्यावर त्याचा सिग्नल तुटतो आणि ठिणगी, इंधन दोन्ही थांबतात. थंड गाडीत तो ठणठणीत, म्हणून बंद पडलेल्या अवस्थेतच तपासा. स्टार्टर मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसला, तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग. आरपीएम दिसतोय, पण चावी ऑन केल्यावर मागून पंपाची घरघर येत नाही? मग पंप, रिले, फ्यूज पाहा. अंदाजाने पार्ट बदलू नका.

तोवर घाट कृपया टाळाच. इंजिन बंद पडले की ब्रेक जड होतो; तो एकदाच घट्ट दाबून धरा, सोडून पुन्हा दाबू नका.