लांब शॉकअपची हौस

डिंभे, ता. आंबेगाव

चि. भाच्यास,


तू पाठवलेला फोटो पाहिला. लांब आर्म, नव्या कॉइल, बाजूला वेगळी टाकी असलेले नायट्रोजनचे शॉकअप. वस्तू देखणी आहे, यात वाद नाही. किंमत मी अजून तुझ्या आईच्या कानावर घातलेली नाही.

हा माल जन्माला आला वाळवंटातल्या शर्यतींसाठी. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात १९६७ पासून अशी शर्यत चालते. तिथं गाडी भरधाव जाते आणि चाक फूटभर वर-खाली नाचतं. त्या मारानं शॉकअपमधलं तेल तापतं, फेसाळतं, आणि शॉकअप नावालाच उरतो. म्हणून तेल जास्त, टाकी वेगळी, वर नायट्रोजनचा दाब. आता तू सांग, डिंभ्याहून आहुप्याच्या बाजूला डांबरी सोडून खडकाळ वाटेला लागलास तर कुठल्या गिअरमध्ये जाशील? लो रेंजच्या पहिल्या-दुसऱ्यात. पायी चालणारा गुराखी तुला मागे टाकील. तिथं तेल तापायचा प्रश्नच कुठे येतो?

आपल्याकडे लागतं ते एवढंच, की चारही चाकं जमिनीला धरून राहावीत. तुझ्या थारला मागे अखंड हाऊसिंग आहे. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, काम भागतं. पुढची चाकं मात्र सुटी आहेत, ज्याचं त्याचं. ती किती खाली लोंबतील हे आर्मची लांबी आणि ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा कोन ठरवतो. म्हणजे पुढे प्रवास वाढवायचा तर नुसते शॉकअप बदलून भागत नाही. आर्म लांब झाला की शाफ्ट लांब हवा, टाय रॉड लांब हवा, ब्रेकचा पाइप लांब हवा, आणि चाक मडगार्डच्या बाहेर येतं ते वेगळंच. यातलं एक विसरलं तर? चाक पूर्ण लोंबलं की ब्रेकचा पाइप ताणला जातो. तो उतारावर तुटला तर पुढचं मी लिहीत नाही.

आणि कोणी कॉइलखाली पक, म्हणजे जाड चकती, घालून स्वस्तात गाडी दोन इंच उचलून देतो म्हणाला, तर तिथून परत फीर. शॉकअप तोच राहतो. गाडी वर गेली म्हणजे तो आधीच अर्धा ताणलेला. चाकाला खाली जायला जागा कमी उरते. उंची वाढली, खालचा प्रवास घटला. वर गाडीचा तोल उंचावला, तो आडव्या उतारावर नडतो. दिसायला मात्र रुबाब!

आमच्या गॅरेजात वडापच्या जीपा यायच्या, पुढे-मागे पाट्यांच्या. माणसं टपापर्यंत भरायची म्हणून ड्रायव्हर एक-दोन पाटे जादा टाकून घ्यायचे. ओझं उचललं जायचं, पण रिकामी जीप नाल्यात उतरली की एक चाक हवेत. पाटा काढला की तीच जीप मुकाट्यानं नाला ओलांडायची. मऊपणा आणि ताकद एका पाट्यात मिळत नाही, कॉइलमध्येही नाही. तू मागे काय सामान लादणार, हे ठरवल्याशिवाय कॉइल निवडूच नकोस.

कायद्याचंही ऐक. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं ठेवलं. अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं निमित्त. तुला खरंच तसली गाडी हवी असेल तर आपल्याच जिल्ह्यात रांजणगावला २०२१ पासून जीप रँग्लर जुळवतात. तिच्या रुबिकॉन प्रकाराला पुढे-मागे अखंड हाऊसिंग, दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक, आणि पुढचा स्टॅबिलायझर बार बटणानं सुटतो. सगळं कारखान्यातून, कागदावर. परवडत नाही म्हणशील, मलाही नाही.

पैसे खर्चायचेच असतील तर आधी चांगले टायर घे. बुश, बॉल जॉइंट तपासून घे. मूळ लांबीचेच, पण दर्जेदार शॉकअप घाल. हवा मोजायचं गेज आणि छोटा पंप जवळ ठेव. खडकात हवा १८-२० वर आणलीस की टायर दगडाला कवटाळतो. डांबरीवर येण्याआधी मात्र पुन्हा भर, आळस करू नकोस.

आता शेवटचं, आणि हे मी विनंती म्हणून सांगत नाही. डिंभे धरणाचं पाणी ओसरलं की जो मोकळा तळ दिसतो, तिथं गाडी घालायची नाही. वरून पापुद्रा वाळलेला, खाली लोण्यासारखा गाळ. बाहाचे शॉकअप असले तरी गाडी बुडापर्यंत बसेल. शिवाय तो तळ ओसाड नाही. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ती माणसं तिथं गाळपेर करतात. उतारावरच्या भातखाचरांचे, पडकईचे बांधही तसेच, हातांनी दगड रचून उभे केलेले. चाकानं बांध ढासळला की पावसात पाणी तिथूनच घुसतं. भीमाशंकर तर १९८५ पासून अभयारण्य आहे. तिथं परवानगीशिवाय वाट सोडायचीच नाही. आणि ज्या तालुक्यात ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली, तिथं भर पावसात हौसेखातर उतारावर चाकांनी चर पाडणाऱ्याला मी भाचा म्हणणार नाही.

ऑर्डर दिली असशील तर आजच रद्द कर. येत्या रविवारी गाडी आहे तशी घेऊन ये, पुढचे बुश मी स्वतः पाहतो.

तुझा,
मामा