आधी खूण, मग पहार

बाळा, तुझ्या अलिबागच्या बंगल्यातल्या पूलचं पाणी रोज खाली जातंय आणि फरशी फोडायला गवंडीही ठरलाय, असं कळलं. त्याला चार दिवस थांबायला सांग. गळती शोधणं हे फोडायचं काम नाही, मोजायचं आहे. क्रमाने गेलास तर पाणीच तुला जागा दाखवेल.

१. पूल आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर सगळ्यात आधी तो बंद कर — तो गुपचूप तूट भरून काढतो आणि गळती महिनोन् महिने कळतच नाही. भरत राहील तो फसत राहील.

२. मग बादलीची परीक्षा घे. पहिल्या पायरीवर बादली ठेव, तिच्यात पूलचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भर आणि आत-बाहेर मार्करने खूण कर — ऊन-वाऱ्याने दोन्हीकडचं पाणी जवळपास सारखंच उडतं, म्हणून चोवीस तासांनी पूल बादलीपेक्षा जितका जास्त उतरेल तितकी गळती.

३. खूण करण्याआधीच बादलीत एक धुतलेला दगड टाक — ती जरा जरी सरकली तरी खूण खोटी ठरते.

४. पावसाच्या दिवशी किंवा भाचरं पाण्यात धुडगूस घालत असताना ही परीक्षा नको — आलेलं आणि उडालेलं पाणी हिशेबात धरता येत नाही.

५. एक दिवस मोटर चालू ठेवून मोज, एक दिवस बंद ठेवून — चालू असताना तूट जास्त असेल तर पाणी परत आणणाऱ्या दाबाच्या पाइपवर संशय घे, बंद असताना जास्त असेल तर ओढणाऱ्या पाइपवर. दोन्ही दिवस सारखीच असेल तर बहुधा पूलच्या भिंती, तळ किंवा सांधे.

६. तुझा पूल ओव्हरफ्लोचा असेल तर मोटर चालू असतानाची खूण बॅलन्सिंग टँकमध्ये कर — पूल काठोकाठच दिसतो, घट त्या टाकीत पडते. आणि त्या टाकीच्या भिंतीही तपास, गळती पुष्कळदा तिथेच असते.

७. तूट लिटरमध्ये मांड. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद पूलमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे ३२० लिटर — रोज तीन सेंटिमीटर गेलं तर दहा दिवसांत जवळजवळ दहा हजार लिटरचा टँकर जमिनीत मुरला.

८. फिल्टर नेहमीसारखा चालू असताना बॅकवॉशच्या पाइपचं तोंड बघून ये — व्हॉल्व्हच्या आतलं गॅस्केट गेलं असेल तर पाणी तिथून थेट गटारात जातं आणि आपण पूलला दोष देत बसतो.

९. पाणी परत येतं त्या नोझलमधून सारखे बुडबुडे येत असतील तर पंपाच्या झाकणाची ओ-रिंग आधी बघ, मग ओढणारा पाइप — फटीतून पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो.

१०. पातळी उतरत कुठे थांबते ते बघ — स्किमरच्या तोंडाखाली थांबली तर स्किमर, दिव्याच्या उंचीला थांबली तर दिवा. थेंब लपतो, पातळी लपत नाही. मात्र पाणी स्किमरच्या खाली गेलं की मोटर बंद ठेव — कोरडी चालली तर तिचं सील जळतं.

११. संशयाची जागा कळली की मोटर बंद करून पाणी संथ होऊ दे. मग बिनसुईच्या सिरिंजमधून खाण्याचा लाल रंग फटीजवळ हळूच सोड — रंग तिथेच तरंगला तर फट निर्दोष, रेघ होऊन आत ओढला गेला तर सापडली गळती.

१२. रंग घेऊन आधी स्किमर आणि काँक्रीटचा सांधा, नोझलच्या कडा आणि दिव्यामागची वायरची नळी बघ, मोकळी भिंत शेवटी — प्लास्टिक आणि सिमेंट जिथे भेटतात तिथे पकड आधी सुटते.

१३. दिव्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद कर आणि पाण्यात उतरताना काठावर कुणाला तरी बसव — गळती उद्याही सापडेल, तू आम्हाला आजही धडधाकट हवास.

१४. पाइपवरच संशय राहिला तर पूलवाल्याकडून एकेक लाइन बंद करून पाण्याच्या दाबाची चाचणी करून घे — अख्खी बाग उकरण्याऐवजी नेमका तेवढाच तुकडा उघडावा लागतो.

१५. पावसाळ्यात पूल रिकामा करायचा कुणी सल्ला दिला तरी ऐकू नकोस. कोकणात तेव्हा जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं — रिकाम्या पूलला ते खालून रेटतं, तळाला तडे जातात, कधी अख्खा पूलच उचलला जातो.

१६. दुरुस्ती झाली की पैसे चुकते करण्याआधी पुन्हा बादली ठेव — पाण्याची साक्ष कारागिराच्या शब्दाइतकीच घ्यावी, त्यात त्याचाही मान राहतो.

१७. पुढे दर महिन्याला एक दिवस हीच परीक्षा घे आणि वहीत तारीख, मिलिमीटर लिही — गळती लहान असताना कळली तर एक सांधा भरून भागतं. उशीर झाला की फरशी, पाइप आणि बाग, तिन्ही उकरावी लागतात.