जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरची घरगुती दुरुस्ती

नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मोटारसायकल हे केवळ प्रवासाचे साधन राहिलेले नाही. पहाटे दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचविणे, निफाड व दिंडोरीकडील द्राक्षबागांना औषधे नेणे, लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव पाहून येणे ही कामे तिच्यावरच होतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली. त्यानंतर विकल्या गेलेल्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर नसून इंधन फवारणारी यंत्रणा असते. तथापि राजदूत, येझदी, बुलेट अशा जुन्या गाड्या कित्येक घरी अद्याप राबत आहेत. अशी गाडी ऐन हंगामात बंद पडली म्हणजे दूध नासते आणि मजुरांचा खाडा होतो. कार्बोरेटर बिघडला असे आपण म्हणतो, तेव्हा तो बहुधा झिजलेला नसून मळलेला असतो. तो स्वच्छ करणे हे काम शेतकरी बंधूंस घरच्या घरी करता येण्याजोगे आहे.

कार्बोरेटरचे कार्य

इंजिनात ओढली जाणारी हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो व दाब कमी होतो. त्यामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर खेचले जाते व हवेत मिसळते. साध्या पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने सुमारे १५ भाग हवेस १ भाग पेट्रोल असे असते. वाटीतील पेट्रोलची पातळी फ्लोट राखतो. घरावरील पाण्याच्या टाकीतील तरंगत्या गोळ्याप्रमाणे तो वर उचलला गेला की सुईची झडप बंद होते.

मळ कोठून येतो?

जुन्या टाकीतील गंज व धूळ हे पहिले कारण होय. दुसरे कारण पाणी. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले म्हणजे पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. इगतपुरी-त्र्यंबककडील पावसात टाकीचे झाकण सैल असल्यास हा त्रास अधिक होतो. जुन्या बनावटीचे रबरी भागही इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात.

उघडण्यापूर्वी पाहावे

प्रथम प्लगची ठिणगी, पेट्रोलचा कॉक, एअर फिल्टर व टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र तपासावे. निफाडच्या थंडीत सकाळी चोक ओढावा लागणे स्वाभाविक आहे. परंतु इंजिन तापल्यावरही चोकशिवाय गाडी चालत नसेल, तर पेट्रोल कमी पडत आहे व जेट तुंबला असण्याचा संभव आहे. याउलट काळा धूर निघून प्लगवर काजळी धरत असेल, तर पेट्रोल जास्त जात आहे. अशा वेळी फिल्टर, चोक व फ्लोट पाहावा.

दक्षता

काम दिवसाउजेडी, मोकळ्या हवेत व चुलीपासून दूर करावे. जवळपास कोणीही विडी ओढू नये. कोरड्या मातीची बादली शेजारी ठेवावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारू नये. नळीने पेट्रोल तोंडाने कधीही ओढू नये.

कृती

१. कॉक बंद करून नळी काढावी व वाटीतील पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्यावे. तळाशी पाण्याचा थर दिसल्यास टाकीही रिकामी करून धुवावी.

२. वरचे झाकण फिरवून स्लाइड व तिची सुई जपून बाहेर काढावी. सुईची क्लिप कोणत्या खाचेत आहे ते वहीत टिपावे.

३. कार्बोरेटर उतरवून स्वच्छ पांढऱ्या कापडावर उघडावा. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवावा व किती फेरे झाले ते लिहून ठेवावे.

४. दोन्ही जेट योग्य मापाच्या पेचकसाने काढून स्वच्छ पेट्रोलमध्ये भिजवावे. नंतर चाकात हवा भरण्याच्या पंपाने हवा मारावी. जेट उजेडाकडे धरल्यास छिद्र गोल व मोकळे दिसले पाहिजे. त्यात तार किंवा टाचणी मुळीच घालू नये. छिद्र किंचित जरी मोठे झाले, तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते आणि जेट नवाच घ्यावा लागतो.

५. फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळत असल्यास तो गळका समजावा. सुईच्या टोकावर गोल वळ उमटला असल्यास सुई बदलावी. चिरलेले गॅस्केट पुन्हा बसवू नये.

६. जोडताना स्लाइडची खाच जागेवर बसली आहे व ॲक्सिलरेटर सोडताच स्लाइड खाली येते, याची खात्री करावी. कॉक उघडून गळती नाही हे पाहिल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

जुळणी

मिश्रणाचा स्क्रू टिपलेल्या फेऱ्यांवर ठेवून इंजिन तापू द्यावे. नंतर तो पाव-पाव फेरा फिरवून इंजिन सर्वांत जलद व एकसारखे चालेल तेथे थांबावे आणि मग स्लाइडच्या स्क्रूने वेग कमी करावा. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास गुण कशाचा आला हे कळत नाही. १९८३ साली आलेल्या राजदूत ३५० सारख्या दोन कार्बोरेटरच्या गाडीत दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातील असे केबल जुळवावे.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी. स्लाइड गळ्यात खडखडत असेल किंवा पितळी आटे झिजले असतील, तर मात्र घरचा इलाज पुरेसा नाही व कारागिराकडेच जावे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी गावात एक कार्बोरेटर उघडून हे प्रात्यक्षिक दाखविल्यास ऐन कामाच्या दिवसांतील अनेकांचा खोळंबा टळेल.