मग डबा भरलेला कसा?

सोलापुरातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं गणित शिकवलं. नववीच्या भूमितीत समांतर रेषांच्या कसोटीपाशी ‘अप्रत्यक्ष सिद्धता’ येते. जे सिद्ध करायचं त्याच्या उलट खरं धरायचं, त्याचा माग काढत जायचं आणि शेवटी तो रस्ता भिंतीवर आदळतो हे दाखवायचं. मुलं ती पाठ करतात, लिहितात आणि विसरतात. मला ती वर्गाबाहेरच जास्त उपयोगी पडली. एकदा तिनं माझी फजितीही केली.

१. ही पद्धत मला आईनं शिकवली. ती चौथी शिकलेली. एकदा शाळा बुडवून मी सिद्धेश्वर तलावाच्या काठी दिवस काढला, मित्राच्या पैशानं भजी खाल्ली आणि साळसूद चेहऱ्यानं घरी आलो.

“शाळेत गेलतास?”

“गेलतो की.”

ती ओरडली नाही. म्हणाली, “बरं, गेलतास. मग मधल्या सुट्टीत जेवला असशील. मग डबा भरलेला कसा?” झाकण उघडलं, तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी जशीच्या तशी.

आईनं आधी माझं म्हणणं मान्य केलं, हे मला फार उशिरा उमगलं. आपण वादात पहिल्याच वाक्याला ‘खोटं!’ म्हणून मोकळे होतो. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत, प्रामाणिकपणे खरं धरून चार पावलं चाललं, तर पुढचं काम ते म्हणणंच करतं. ते टिकलं तर? तर आपली चूक आपल्याला कळते, आणि तीही फुकटात.

२. ‘उलट’ म्हणजे नेमकं काय, ते आधी लिहून काढावं. ‘पूर्व भागात सगळ्यांना तेलुगू येतं’ याच्या उलट काय? अर्धा वर्ग सांगतो, ‘कुणालाच येत नाही.’ चूक. तेलुगू न येणारा एक जण सापडला तरी पुरे. घरातली निम्मी भांडणं ‘तुम्ही नेहमी’ आणि ‘तू कधीच’ या दोन शब्दांवर चालतात, आणि दोन्ही बाजू एकमेकींचं चुकीचं उलट खोडत बसतात.

३. जे म्हणणं कशानंच खोटं ठरू शकत नाही, त्याच्याशी वाद घालू नये. पुण्याच्या पाहुण्यांना चादरी घ्यायच्या होत्या. दुकानदार म्हणाला, “सोलापुरी चादरीचा रंग जात नाही.” पाहुणे म्हणाले, “मागच्या वेळच्या चादरीचा गेला.” “मग ती सोलापुरी नव्हे.” “कशावरून?” “रंग गेला ना!” इथं विसंगती शिरायला फटच नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे सोलापुरी कुणाला म्हणायचं हे धुण्याआधीच ठरवता येतं, असं मी म्हणून पाहिलं. पाहुण्यांनी तोवर चार चादरी बांधून घेतल्या होत्या.

४. ही युक्ती ग्रीकांकडून आली, असं मीही वर्षानुवर्षं सांगत होतो. मग हाती आला नवव्या शतकातल्या महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’. त्याचं हिंदी भाषांतरासह पुस्तक १९६३ साली आपल्या सोलापुरातूनच, जीवराज जैन ग्रंथमालेतून निघालं. त्यात एक विधान आहे : ऋण संख्या मुळात वर्गच नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तही हेच आहे. १६०० च्या सुमारास त्यावर टीका लिहिणारे कृष्ण दैवज्ञ हे विदर्भातून काशीला गेलेल्या ज्योतिषी घराण्यातले. त्यांनी या विधानाची उपपत्ती दिली, आणि ती थेट आईच्या चालीची. समजा, ऋण संख्या वर्ग आहे. मग कुणाचा? धन संख्येचा म्हणाल, तर धन गुणिले धन हे धन येतं. ऋण संख्येचा म्हणाल, तर ऋण गुणिले ऋण हेही धनच. मग वर्ग कुणाचा?

आपल्या शास्त्रकारांनी याला ‘तर्क’ म्हटलं, आणि गणितात तो मुख्यतः एखादी गोष्ट *नाही* हे दाखवायला वापरला. मला हा संयम आवडतो. पुढं युरोपात ऋण संख्येच्या वर्गमुळासाठी नवी संख्याच मान्य झाली. म्हणून कृष्ण दैवज्ञ चुकले का? नाही. त्यांच्या यादीतल्या संख्यांपुरतं ते आजही खरं आहे. यादी मात्र वाढली.

५. यादी अपुरी असेल, तर ही पद्धत माणसाचं नुकसान करते. दहावीच्या सराव परीक्षेत पुढच्या-मागच्या बाकांवरच्या दोन मुलांनी त्रिकोणमितीत एकच विचित्र किंमत लिहिली होती. साधी चूक असती तर सोडून दिली असती, पण ही कुणाला सहजी सुचणारी नव्हती. मी मागच्या बाकावरच्याला वर्गासमोर उभं केलं आणि आईच्याच सुरात विचारलं, “नक्कल केली नाहीस, तर चूक सारखी कशी?” त्याला उत्तर देता आलं नाही. मी चार गुण कापले.

आठवड्यानं दुसऱ्या तुकडीचे पेपर तपासताना तीच किंमत तिसऱ्यांदा दिसली. ती मुलगी परीक्षेला वेगळ्या खोलीत होती. तिघंही एकाच शिकवणीला जात होते, आणि तिथं वाटलेल्या झेरॉक्सवर तो आकडा चुकीचा छापला होता.

विसंगती आली म्हणजे आपण धरलेल्या गोष्टींपैकी काहीतरी खोटं आहे, एवढंच कळतं. कोणती, ते ती सांगत नाही. मी दोन गोष्टी धरल्या होत्या : मुलानं नक्कल केली नाही, आणि सारखी चूक फक्त नकलेतूनच येते. दुसरी मी धरली आहे, हे मला दिसलंच नव्हतं. पहिली मुलाची होती, म्हणून मी तीच खोडली.

त्याचे चार गुण मी परत दिले. दोष वर्गासमोर दिला होता. माफी मात्र मी शिक्षकांच्या खोलीत, दार लोटून मागितली.