सूट, बूट आणि डेथ मेटल: चाळीस हजारांचा हिशेब

ऑफिसातला एक चोवीस वर्षांचा मुलगा जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आला. त्याच्या अंगात नेपाम डेथचा टी-शर्ट होता, माझ्या अंगात राखाडी सूट. आमची ओळख मुळात त्या टी-शर्टवरूनच झालेली. म्हणाला, "दादा, फेब्रुवारीत ताईचं लग्न आहे. चांगला सूट शिवायचाय, बूट घ्यायचेत आणि रेकॉर्ड प्लेअरही घ्यायचाय. चाळीस हजार साठवलेत. पुरतील?"

सूट आणि बुटाला पुरतील, प्लेअरला नाहीत. का, ते त्याला सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो. या वस्तूंना दोन किमती असतात. एक दुकानात मोजायची. दुसरी घरी आल्यावर वर्षानुवर्षं मोजायची: अल्टरेशन, ड्रायक्लीन, सोल, सुई, बुरशी. पहिली कमी दिसते तिथे दुसरी बहुतेक वेळा जास्त निघते. खालचे भाव पुण्या-मुंबईत मी स्वतः विचारलेले किंवा दिलेले आहेत. पेठेत आणि मॉलशेजारच्या दुकानात फरक पडेल, पण अंदाजाला ते पुरेत.

सुटापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात आणि वायाही तिथेच जातात.

दोन तुकड्यांच्या सुटाला साधारण सव्वातीन मीटर कापड लागतं. पॉलिएस्टर-व्हिस्कोस चारशे ते नऊशे रुपये मीटर मिळतं. लोकर मिसळलेलं हजार ते दोन हजार. शुद्ध लोकर अडीच हजारांच्या आसपास सुरू होते आणि पुढे कितीही जाते. लोकर म्हटलं की लोक घाबरतात, "आपल्याकडे उकडेल" म्हणतात. उकाडा लोकरीमुळे होत नाही. तो होतो दाट विणीमुळे, आणि त्याहून जास्त अस्तरामुळे. पीळदार धाग्याची, उघड्या विणीची, मीटरला 250 ते 280 ग्रॅम वजनाची लोकर घ्या आणि कोटाला पाठीत अर्धंच अस्तर लावायला सांगा. फेब्रुवारीच्या मांडवात पॉलिएस्टरपेक्षा ती कितीतरी सुसह्य होते. कापड उन्हात धरून पाहा. पलीकडचा उजेड बारीक ठिपक्यांसारखा दिसला तर वारा खेळणारं कापड आहे. सुपर 150 वगैरे आकड्यांच्या मागे लागू नका. आकडा जितका मोठा तितका धागा बारीक, आणि बारीक धाग्याची पँट मांड्यांच्या मध्ये लवकर विरते. पहिल्या सुटाला सुपर 100 किंवा 110 उत्तम.

आता शिलाई. कोटाच्या छातीत कापड आणि अस्तर यांच्यामध्ये एक थर असतो. स्वस्त कोटात तो चिकटवलेला असतो. आमच्याकडे सरसकट 'बकरम' म्हणतात तोच. चांगल्या कोटात तिथे घोड्याचे केस विणलेला कॅनव्हास असतो आणि तो टाक्यांनी धरलेला असतो. चिकटवलेला थर काही ड्रायक्लीननंतर, दमट हवेत तर लवकरच, सुटायला लागतो आणि छातीवर फोडांसारखे फुगवटे येतात. त्याला इलाज नाही. कॅनव्हास मात्र अंगाच्या उबेने हळूहळू तुमच्या छातीचा आकार घेतो. ओळखायचं कसं? खालच्या बटणाजवळ वरचं कापड आणि आतलं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अलगद वेगळं करा. मध्ये तिसरा पदर सुटा हलताना बोटांना जाणवला तर कॅनव्हास खालपर्यंत आहे. चिकटवलेल्या सुटाची शिलाई चार ते नऊ हजार. अर्धा कॅनव्हास, म्हणजे छाती आणि लॅपेलपुरता, बारा हजारांच्या आसपास जमतो. पूर्ण कॅनव्हासला पंचवीस हजार आणि वर. मी म्हणेन, अर्धा कॅनव्हास. छातीचा आकार आणि लॅपेलचा गोल वळसा त्यात मिळतो, आणि हेच दोन डोळ्यांत भरतात.

टेलरकडे तीन गोष्टी आधीच बोलून घ्या. पहिली, कच्च्या धावदोऱ्यावर एक ट्रायल हवी. तयार कोट घालून पाहणं म्हणजे ट्रायल नव्हे. दुसरी, शिवणीत माया भरपूर सोडा; कमरेला आणि पाठीला दोन-दोन इंच. चोविसाव्या वर्षीची कंबर पस्तिसाव्या वर्षी राहत नाही, आणि माया नसेल तर बारा हजारांची शिलाई दहा वर्षांत मोडीत निघते. तिसरी, मुंढा उंच कापा. बरेच टेलर सैल मुंढा देतात, त्यात हात वर केला की अख्खा कोट वर येतो. उंच मुंढ्यात हात मोकळा हलतो आणि कोट जागेवर राहतो.

तयार सूट का नको, याचं एक कारण करातही आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्यांवर 18 टक्के जीएसटी लागतो, तर कापडावर 5 टक्के.

जुन्या कपड्यांचं वेड असणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार. तिथे चांगला कोट मिळतो, पण क्वचित. लंडनला किंवा लेस्टरला भाचा-पुतण्या असेल तर त्याला तिथल्या चॅरिटी शॉपमध्ये पाठवा. हॅरिस ट्वीडचं जॅकेट तिथे वीस ते पन्नास पौंडांत मिळून जातं. आतल्या लेबलवर गोल आणि त्यावर क्रॉस अशी 'ऑर्ब' खूण हवी. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या स्वतःच्या घरी, हातमागावर विणलेल्या लोकरीलाच ती मिळते, आणि ब्रिटनच्या 1993 च्या कायद्याने तिला संरक्षण आहे. पार्सलने मात्र मागवू नका. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत. भाचा येताना स्वतःच्या बॅगेत आणू दे. पुण्याच्या डिसेंबरात सकाळी ते घालून बाहेर पडण्यात जे सुख आहे ते मुंबईकराला कळणार नाही.

आणि जुना कोट घेताना फक्त खांदे पाहा. मी एकदा स्वस्तात मिळाला म्हणून एक सुंदर करडा कोट उचलला, खांदे अर्धा इंच मोठे होते. माझ्या टेलरकाकांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "साहेब, बाही कमी करतो, कंबर घेतो, लांबी घेतो. खांद्याला हात लावायचा म्हणजे कोट नव्याने शिवायचा." बाही कमी करायला तीनशे ते सहाशे, पँटची कंबर घ्यायला किंवा सोडायला दीडशे ते तीनशे. खांद्याचे दोन हजारांहून जास्त आणि तरी खात्री नाही. तो कोट अजून कपाटात आहे.

बुटांवर जास्त लिहिण्याची गरज नाही. प्रश्न एकच: सोल बदलता येतो का? गुडइयर वेल्टमध्ये वरचं चामडं आणि सोल यांच्यामध्ये चामड्याची पट्टी शिवलेली असते. सोल झिजला की शिवण उसवून नवा लावतात, वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. भारतात, मुख्यतः चेन्नईच्या बाजूला, असे बूट उत्तम बनतात. आठ ते सोळा हजार. चिकटवलेल्या सोलचे तीन हजारांचे बूट दोन वर्षांत टाकावे लागतात, त्यामुळे दहा वर्षांचा हिशेब वेल्टच्याच बाजूने झुकतो. मेटलवाल्यांच्या लाडक्या डॉक्टर मार्टेन्सबद्दल एक सावधगिरी. 1460 हा त्यांचा पहिला बूट 1 एप्रिल 1960 चा, नाव त्या तारखेवरूनच पडलं. त्याला वेल्ट आहे, पण सोल त्यावर उष्णतेने जोडलेला असतो. कोपऱ्यावरच्या मोच्याला तो बदलणं जमत नाही. ते बूट हवेच असतील तर हे जाणून घ्या.

सूट आणि मेटल या दोन आवडी एकत्र नांदतात का, असं लोक विचारतात. लंडनचा एकरकॉक हा बँड ऐका. डेथ आणि ब्लॅक मेटल वाजवणारी ही माणसं स्टेजवर सूट घालून उभी राहायची, आणि ते संगीत त्या सुटांइतकंच नेटकं, बारकाव्यांनी शिवलेलं आहे. मला या दोन्ही गोष्टी एकाच कारणासाठी आवडतात: कुणीतरी हाताने, घाई न करता, मोजक्या लोकांसाठी केलेलं काम त्यात असतं.

आता प्लेअर. सात-आठ हजारांच्या सुटकेससारख्या प्लेअरकडे फिरकू नका. त्यांची सुई रेकॉर्डवर पाच ग्रॅम किंवा जास्त भार टाकते. चांगल्या प्लेअरला दीड ते अडीच ग्रॅम पुरतो, आणि तो भार कमी-जास्त करता येतो. पाच ग्रॅमच्या भाराने खाचा झिजतात. तीन हजारांची रेकॉर्ड सात हजारांच्या यंत्राने खराब करायची, हे मला बघवत नाही. बरा प्लेअर पंधरा हजारांपासून. स्पीकर वेगळे. सुई पाचशे ते हजार तासांनी बदलायची. आयात केलेली नवी एलपी दोन ते चार हजार. परदेशातून मागवलीत तर पोस्टेज धरून सीमाशुल्क लागतं, तेव्हा दर त्या दिवशी तपासूनच ऑर्डर द्या.

तरीही एलपी का, हे त्या मुलाला सांगायला मला आवडलं. त्याच्या टी-शर्टवरच्या बँडचं 'स्कम' 1987 साली नॉटिंगहॅमच्या इअरेक रेकॉर्ड्सने काढलं. 28 गाणी. पहिल्या बाजूला एक ताफा वाजवतो, दुसऱ्या बाजूला दुसरा; दोन्हीकडे असलेला माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस. फोनवर ते सलग वाहून जातं. रेकॉर्ड उचलून उलटी ठेवली की मधली दहा सेकंदं शांतता होते, आणि मग बँडच बदललेला असतो. या दहा सेकंदांसाठी पंधरा हजार मोजावेत असं मला मनापासून वाटतं, फक्त पुढच्या वर्षी.

जुन्या प्रतींच्या मागे असाल तर फसू नका. मेहेम या बँडच्या 'डेथक्रश'ची 1987 ची मूळ आवृत्ती हजारच प्रतींची. चार हजारांत कुणी ती 'ओरिजिनल' म्हणून दाखवत असेल तर ती नंतरची छपाई किंवा नक्कल आहे. मधल्या लेबलापाशी, शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत भागात कोरलेले आकडे-अक्षरं पाहा आणि डिस्कॉग्स या वेबसाइटवरच्या नोंदीशी ताडून पाहा.

यंदासाठी त्याला बँडकॅम्प ही वेबसाइट सुचवली. डिजिटल अल्बम साधारण सात ते दहा डॉलर. एरवी बँडकॅम्प डिजिटलवर 15 टक्के आणि वस्तूंवर 10 टक्के घेतं. 'बँडकॅम्प फ्रायडे' जाहीर होतो त्या दिवशी ते आपला वाटा सोडतं, खरेदी तेव्हा करा. आणि परदेशी पोस्टेज वाचवायचं तर आपल्याच मुंबईतून चालणारी ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी ही कंपनी पाहा. जगभरच्या डेथ मेटल बँडचे अल्बम आणि टी-शर्ट ती काढते.

सगळ्यात आधी मात्र कानाचे प्लग. याबाबत मी हट्टी आहे. 85 डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो; दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं, आणि छोट्या हॉलमधला मेटलचा कार्यक्रम त्याच्या वरच असतो. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. संगीत स्पष्ट ऐकू येईल असे गाळणीचे प्लग हजार ते अडीच हजारांत मिळतात. गेलेले कान कुठलाही कारागीर अल्टर करून देत नाही.

पावसाळा हा दोन्ही छंदांचा समान शत्रू. जूनच्या आधी सूट ब्रशने झाडून, जाड खांद्याच्या हँगरवर, सुती पिशवीत. प्लास्टिकची पिशवी काढून टाका, तिच्यात ओल कोंडते. बुटांत देवदाराचे साचे घाला, हजार-दीड हजाराचे. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. सिलिका जेल कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा गरम करून वाळवा. सूट वर्षातून दोनदाच ड्रायक्लीन करा, चारशे ते सातशे रुपये एका वेळेला. एरवी ब्रश आणि वाफ पुरते.

तर त्याचा हिशेब असा बसला. कापड आठ हजार, अर्ध्या कॅनव्हासची शिलाई बारा, पांढरा शर्ट शिवून अठराशे, काळे वेल्टचे बूट नऊ हजार, प्लग पंधराशे, साचे-ब्रश-पॉलिश-हँगर अडीच हजार. झाले चौतीस हजार आठशे. उरलेल्या पाच हजार दोनशेत सहा अल्बम, आणि जुन्या डेनिम जॅकेटवर लावायला चार-पाच पॅच.

पॅच इस्त्रीने चिकटवू नकोस म्हटलं, एका धुण्यात कडा उचलतात. टेलरकाका पन्नास रुपयांत एक लावून देतात, पण हा एक टाका त्याने स्वतः घालावा. सुईदोरा आईकडे असेलच.