न्यायाधीशांचा न्याय आणि खजिन्याची किल्ली

१७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे निर्भयपणे सांगितले आणि पुणे सोडले, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ज्या दौलतीच्या खजिन्यातून रामशास्त्र्यांचे वेतन येई, तिच्याच धन्याविरुद्ध त्यांनी निर्णय दिला, आणि त्याची किंमतही स्वतःच मोजली. असे पुरुष शतकांतून एखादेच निपजतात. म्हणूनच जे धैर्य रामशास्त्र्यांच्या अंगी होते, ते सामान्य माणसालाही दाखविता यावे अशी व्यवस्था राज्यघटनेने निर्माण करावी लागते. ही व्यवस्था कशी असावी, याचा विचार आम्ही या लेखात एका परदेशी उदाहरणावरून करणार आहोत.

न्यायाधीश हाही मनुष्यच. तो उद्धटपणे वागला, पक्षपात करू लागला किंवा वार्धक्यामुळे कामास असमर्थ झाला, तर दाद कोणाकडे मागावी? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पूर्वी याला प्रामुख्याने पुढील उपाय होते: विधिमंडळाने महाभियोग चालविणे, मतदारांनी न्यायाधीशाला परत बोलाविणे, अथवा पुढच्या निवडणुकीत त्याला पाडणे. हे उपाय म्हणजे माशी मारण्यास तोफ आणण्यासारखे होते. म्हणून १९६० साली तेथील मतदारांनी घटनादुरुस्ती करून एक स्वतंत्र आयोग स्थापला. अशा प्रकारचा अमेरिकेतील हा पहिला कायम आयोग होय. १९७६ मध्ये त्याला ‘न्यायिक आचरण आयोग’ अशा अर्थाचे नाव मिळाले.

आरंभी आयोगाच्या ९ सभासदांपैकी ५ न्यायाधीश, २ वकील व २ सामान्य नागरिक असत. न्यायाधीशांचा न्याय बहुतांशी न्यायाधीशच करीत. १९९४ च्या घटनादुरुस्तीने हे प्रमाण पालटले. आता ११ सभासदांत ३ न्यायाधीश, २ वकील व ६ नागरिक असतात. त्यांची नेमणूकही एका हाती नाही. न्यायाधीशांना सर्वोच्च न्यायालय नेमते, वकिलांना गव्हर्नर नेमतो, आणि नागरिकांपैकी प्रत्येकी दोघे गव्हर्नर, सिनेटची समिती व असेंब्लीचा सभापती नेमतात. खाजगी समज देण्यापासून पदच्युतीपर्यंतचे अधिकार या आयोगाला आहेत. मात्र तो अपिलाचे न्यायालय नव्हे. केवळ निकाल विरुद्ध गेला म्हणून केलेली तक्रार तेथे टिकत नाही. बहुसंख्य तक्रारी प्रारंभिक छाननीतच निकालात निघतात.

आता मुख्य प्रश्न पैशाचा. चौकशीला माणसे लागतात, माणसांना वेतन लागते. हा खर्च न्यायालयांच्या अंदाजपत्रकातून द्यावा, तर ज्यांची चौकशी करावयाची त्यांच्याच हाती चौकशी करणाऱ्यांच्या पोटाची दोरी राहते. न्यायाधीशांना दंड करून त्यातून खर्च भागवावा, तर दंड करण्याचाच मोह उत्पन्न होईल. १९९४ च्या घटनादुरुस्तीने यावर असा तोडगा काढला की, आयोगाचे अंदाजपत्रक अन्य कोणत्याही सरकारी खात्याच्या वा न्यायालयाच्या अंदाजपत्रकापासून वेगळे राहील. पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो आणि विधिमंडळ तो दरवर्षी मंजूर करते.

परंतु येथेच दुसरा पेच उभा राहतो. जो पैसा देतो, तो हिशेब मागणारच. २०१६ साली विधिमंडळाच्या समितीने आयोगाचे लेखापरीक्षण करण्याचा आदेश दिला. स्थापनेपासून असे परीक्षण कधीच झाले नव्हते. परीक्षकांनी तक्रारींची गोपनीय कागदपत्रे मागताच आयोग न्यायालयात गेला. घटनेने आपणांस गोपनीयतेचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे, असे त्याचे म्हणणे होते. २०१७ च्या अखेरीस कनिष्ठ न्यायालयाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला. पुढे उभयतांत समेट होऊन परीक्षण पार पडले व एप्रिल २०१९ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला.

उभय पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते, हे आम्हांस नमूद केले पाहिजे. तक्रारदाराचे नाव फुटले तर उद्या कोण तक्रार करील? खोट्या आरोपाने निर्दोष न्यायाधीशाची अब्रू गेली तर ती कोण परत आणील? उलट, आयोगाचे दप्तर कोणीच पाहावयाचे नाही, तर त्याने कोणती तक्रार का फेटाळली हे कळणार कसे? प्रत्यक्षात अहवालात गंभीर उणिवा आढळल्या. काही प्रकरणांत तपास पुरता झाला नव्हता, आणि एकाच न्यायाधीशाविरुद्ध वारंवार येणाऱ्या तक्रारींची संगती लावली गेली नव्हती. तपास करणारे व शिक्षा ठरविणारे मंडळ एकच असणे योग्य नाही, असेही परीक्षकांनी सुचविले. त्याचबरोबर तक्रारींची नोंद ठेवणारी संगणकीय व्यवस्था सुधारण्यासाठी विधिमंडळाने पैसा द्यावा, अशी शिफारसही केली. म्हणजे हिशेब मागणाऱ्यानेच गरजही दाखवून दिली.

आपल्या देशात उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांना दूर करण्याचा अधिकार संसदेच्या ठरावावरून राष्ट्रपतींस आहे. त्यासाठीची चौकशी १९६८ च्या कायद्यानुसार तिघांच्या समितीकडून होते. १९९३ साली लोकसभेत अशा एका ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरुद्ध एकही नाही. तरीही २०५ सभासद तटस्थ राहिल्याने ठराव बारगळला. चौकशी कितीही काटेकोर झाली, तरी शेवटचा निर्णय राजकीय मतांवर सोपविला की काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

सहलीची वर्गणी जमा करणारा विद्यार्थी कितीही प्रामाणिक असला, तरी त्याची वही गुरुजी तपासतातच. त्यात त्याचा अपमान नसतो, उलट त्याच्या प्रामाणिकपणाला साक्षीदार मिळतो. मात्र वही तपासणाऱ्याने सहल कोठे न्यावी हे ठरवू लागू नये. हिशेब तपासावा, पद्धत तपासावी, पण एखाद्या प्रकरणाचा निर्णय काय व्हावा यात हात घालू नये, ही सीमारेषा पाळली गेली, तरच पैसा पुरविणे व स्वातंत्र्य राखणे ही दोन्ही कामे एकत्र नांदू शकतील. रामशास्त्र्यांना पुणे सोडावे लागले. पुढच्या रामशास्त्र्याला गाव सोडावे लागू नये, एवढ्यासाठीच या साऱ्या व्यवस्थेचा खटाटोप आहे.