तेरखेड्यात समुद्र मांडताना

लेकरा, तुझ्या सहा फुटी टाकीचा नकाशा पाहिला. काचेची जाडी, दिवे, पंप, पाइपांची वळणं, सगळं तू झकास काढलंयस. पाणी कुठून येणार आणि लाईट गेल्यावर काय होणार, एवढंच त्यात नाही. तेरखेड्यात मरीन टँक मांडायचा तर सुरुवात या दोन गोष्टींपासून करावी लागते. बाकीचं पैसे मोजले की दुकानात मिळतं.

ज्यांच्या हाताखाली मी मुंबईत टाक्या धुवायला शिकलो, ते वस्ताद तारापोरवाला मत्स्यालय बघत मोठे झालेले. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते मरीन ड्राइव्हवर उघडलं. दारासमोरच समुद्र. तिकडे जकार्तात ली चिन एंग नावाच्या माणसाने १९६१ च्या सुमारास समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवले आणि नुसत्या हवेच्या बुडबुड्यांवर प्रवाळ जगवून जगाला दाखवलं. त्यालाही समुद्र हाताशी होता. आपल्यापासून मुंबईचा समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरच्या घरात. टँकरने खारं पाणी आणायचा विचार तुझ्या डोक्यात असेल तर तो आजच काढून टाक. वाटेत ते पाणी तापतं, त्यातले बारीक जीव मरतात आणि घरी पोचेपर्यंत त्याला वास सुटतो. आपल्याला समुद्र घरीच कालवायचा आहे.

कालवायचा कशात? बोअरच्या पाण्यात मुळीच नाही. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. टीडीएस मीटर बुडवलास तर आकडा शेकड्यांत येतो, काही ठिकाणी हजारावर जातो. त्यात चुना असतो, आणि खतांचा नायट्रेटही असू शकतो. घरचा प्यायचा आरओ त्याला पन्नास-साठपर्यंत आणेल, पण आपल्याला शून्य हवं. म्हणून आरओच्या पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचा डबा जोडायचा. मीटरने शून्य सोडून एक-दोन दाखवायला सुरुवात केली की रेझिन बदलायचं, चालढकल करायची नाही. आता हिशोब ऐक. एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकलं जातं. मी सुचवतो त्या ४ बाय २ बाय २ फुटांच्या टाकीत ४५० लिटर मावतं. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललंस आणि उन्हाळ्यात रोज आठेक लिटर उडून गेलं, तर महिन्याला चारशेवर लिटर शुद्ध पाणी लागेल. त्यासाठी सतराशे लिटरच्या आसपास कच्चं पाणी. पाच हजारांच्या टँकरचा तिसरा हिस्सा तुझे मासे पिणार. सहा फुटी टाकी ६८० लिटरची, तिचं तूच मांड.

२०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं, ते तुला आठवत असेल. अशा मुलखात घरात शोभेसाठी पाणी साठवलं की गल्ली बोलणार, आणि तिने बोललंच पाहिजे. म्हणून आरओचं टाकाऊ पाणी गटारात सोडू नकोस. वेगळ्या पिंपात घे. फरशी, संडास, गाडी धुणं त्यावर निघतं. रोज झाडांना मात्र घालू नकोस, त्यात क्षार आधीपेक्षा दाट होऊन आलेले असतात.

एक गोष्ट नवे लोक हटकून उलटी करतात. उडून जातं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. त्यामुळे रोजची भर बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने घालायची. मिठाचं पाणी फक्त बदलताना. मीठ म्हणजे मरीन सॉल्ट. किराणातलं मीठ बिलकूल नाही, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट काही नसतं. लिटरला ३५ ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे टाकी आणि तिच्या खालची जोडटाकी, म्हणजे संप, धरून पहिल्या भरणीला १८-१९ किलो. वेगळ्या पिंपात कालवून, पंप लावून रात्रभर फिरू दे. रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आलं की मग वापर.

आता विजेचं. लाईट गेली की माशांना आधी प्राणवायू कमी पडतो, उपाशी राहण्याची वेळ पुष्कळ नंतर येते. कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, आणि आपल्याकडे लाईट जाते तीही नेमकी उन्हाळ्यात किंवा वळवाच्या वाऱ्यात. इन्व्हर्टरवर सगळी टाकी चढवू नकोस. दिवे, फेसातून घाण काढणारा स्किमर, पाणी गार करणारा चिलर बंद पडू देत. वीसेक वॅटचा एक डीसी वेव्हमेकर तेवढा पाण्याचा वरचा थर हलवत राहिला पाहिजे. साध्या घरगुती बॅटरीवर तो दिवसभर चालतो. शिवाय सेलवर चालणारा छोटा एअरपंप कपाटात ठेव. लाईट जाताच वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून उलटं संपमध्ये उतरतं. संप काठोकाठ भरलेला असेल तर रात्री दोन वाजता पाणी सतरंजीखाली जातं. परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर बारीक भोक पाड, तिथे हवा शिरली की उतरण थांबते. पहिल्याच दिवशी मेन स्विच बंद करून हे तपास. आणि खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. अर्थिंग पक्कं, ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली एक झोळ, म्हणजे ओघळणारा थेंब सॉकेटात न जाता खाली टपकेल. यात काटकसर केलीस तर मी तुझ्या घरी जेवायला येणार नाही.

उन्हाची भीती तुला सगळ्यांनी घातली असेल. पाणी २५-२६ अंशांवर राहावं आणि बाहेर चाळिशी पार. तरीही एका बाबतीत तेरखेडा मुंबईपेक्षा भाग्यवान आहे. मुंबईच्या मे महिन्यात हवा दमट. टाकीवर पंखा लावला तरी पाणी फारसं उतरत नाही, चिलर घ्यावाच लागतो. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी ठणठणीत. पृष्ठभागावर दोन छोटे पंखे तिरके लावलेस तर पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि पारा तीन-चार अंश सहज उतरतो. ज्या कारणाने आपल्याकडे माठ गार राहतो, तेच हे. किंमत पाण्यात मोजावी लागते, म्हणून भर घालणारी स्वयंचलित तोटी लाव. टाकी पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला लावू नकोस. थंडीत उलटा प्रकार, पहाटे गारठा पडतो. तेव्हा एक मोठा हीटर घेण्यापेक्षा दोन लहान घे. एक चालूच्या चालू अडकला तरी माशांचं सार होत नाही.

वजनाचं थोडक्यात सांगतो. चार फुटी टाकी पाणी, काच, दगड, संप आणि स्टँड धरून पाऊण टनावर जाते. माडीवर नाहीच, खाली, जमिनीवर, भिंतीलगत. १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या जिल्ह्यातली माणसं डोक्यावर वजन ठेवायला बिचकतात, त्यांचं बरोबर आहे. काच १२ मिलिमीटर, वर पट्ट्या मारून. खाली फोमचा थर. आणि मासे यायच्या आधी टाकी अंगणात भरून दोन दिवस ठेव.

आता कडू घोट. तुझ्या नकाशात प्रवाळाच्या फांद्या आहेत, जांभळ्या, हिरव्या. त्या खोड. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ आहेत, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळही आहेत. म्हणजे कागदावर वाघ आणि ते एकाच रांगेत. गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांची कैद. २०२० साली मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं हलवायची होती, तर महापालिकेलाही वनखात्याची परवानगी काढावी लागली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडून ते काम करून घ्यावं लागलं. तिथे तू-मी कोण? दुकानदार मागच्या खोलीतून पिशवी काढेल, ‘सगळेच ठेवतात’ म्हणेल. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकतात तोही बहुतेक प्रवाळाचाच सांगाडा असतो. बटणासारखे मऊ प्रवाळ या यादीत नावाने नाहीत हे खरं, पण त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असतं. तसा खडक उकळला आणि वाफेने सगळं घर दवाखान्यात गेलं, असं परदेशात घडलेलं आहे. घरात लहान लेकरं आहेत, माझं स्पष्ट मत ‘नको’ असंच आहे.

त्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिकचे खडक घे, त्यांच्या गुहा, कमानी रच. आपला काळा दगड फुकट आहे, पण तो घट्ट. ज्या जिवाणूंवर टाकी चालते त्यांना राहायला भोकं लागतात, ती त्यात नसतात. जिवंत प्रवाळ पाहायचंच तर हिवाळ्यात मालवणला जा. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. पाण्यात तोंड घालून बघ, हात लावू नकोस. त्या दोन दिवसांत खडक कसे रचायचे हेही तुला कळेल.

आता खास आपल्या गावचं सांगतो, हे तुला मुंबईचा कोणी सांगणार नाही. आपलं गाव फटाक्यांच्या कारखान्यांचं. फटाक्यात लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. यातलं स्ट्रॉन्शियम समुद्रातही असतं, लिटरला आठ मिलिग्रॅमच्या आसपास. तांबं मात्र कोळंबी, गोगलगाय, शिंपला यांना चिमूटभरही सोसत नाही. कारखान्यातून आलेल्या माणसाने टाकीत हात घालायचा नाही, मग तो घरचा का असेना. आंघोळ, कपडे बदल, कोपरापर्यंत हात धुणं, त्यानंतरच. साबणही राहता कामा नये. तीच गोष्ट सोयाबीनवर फवारणी करून आलेल्याची. कीटकनाशक किड्यांसाठी केलेलं, आणि कोळंबी त्यांचीच भावकी. स्किमर खोलीतली हवा ओढून फेस करतो, म्हणजे खोलीत जे जळतं ते पाण्यात जातं. डासांची अगरबत्ती, स्प्रे, रंगाचा वास काहीही. दिवाळीच्या आठवड्यात स्किमरच्या हवेच्या नळीला कार्बनची डबी जोड, आणि संपमध्ये कार्बनची पिशवी ताजी ठेव. तांब्याच्या तोट्या, पितळी जोड कुठेही नकोत.

पाणी भरलं, खडक बसले, की मासे आणायला धावू नकोस. चिमूटभर अमोनिया घालून टाकी तशीच फिरती ठेव. एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. दोन्ही फौजा उभ्या राहायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की पहिली जोडी. मध्येच तपकिरी शेवाळ येईल, आई म्हणेल टाकी बिघडली. ते आपसूक जातं.

मासे पैदाशीचे घे, समुद्रातून पकडलेले नको. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे होते. तमिळनाडूत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने ती करून दाखवली, आणि नवी मुंबईत ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनने हॅचरी उभी केली. अशी पिल्लं काचेतच वाढलेली असतात, दाणा खातात. जोडीतली मोठी ती मादी; ती गेली तर नराचीच मादी होते, हे पाहुण्यांना सांगायला बरं पडतं. त्यांच्यासाठी समुद्रफूल घेऊ नकोस. ते चालत जाऊन पंपात अडकतं आणि मेल्यावर सगळं पाणी नासवतं. पिवळा टँग, मूरिश आयडल असले फिरस्ते मासे चार फुटांत कोंडणं पाप आहे. क्लाउनची जोडी, दोन-तीन गोबी, एखादा रॉयल ग्रामा, सफाईला गोगलगायी आणि कोळंबी, एवढी वस्ती पुरे.

आणायचे ते रात्रीच्या गाडीने, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात. घरी आल्यावर बारीक नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी पाजत तासभर घाल. मग थेट मोठ्या टाकीत नाही. साध्या दोन फुटी टाकीत चार आठवडे वेगळे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नव्या माशाबरोबर येतो, आणि त्याचं तांब्याचं औषध मोठ्या टाकीत घालता येत नाही, कोळंबी मरते. दाणा दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकाच. पाहुण्यांच्या पोरांच्या हातात डबी देऊ नकोस.

तेव्हा ठरव असं: टाकी चार फुटी, प्रवाळ नाही, आधी पाणी मग काच. आता जून तोंडावर आहे. पत्र्याच्या पन्हाळीला पाइप लाव, पहिले दोन-तीन पाऊस धुळीसकट वाहून जाऊ देत, मग पिंपं भर. ते पाणी कार्बन आणि डीआयमधून काढलं की आरओइतकं वाया जात नाही. दोन हजार लिटर साठलं की मला फोन कर, मीठ कालवायला मी येतो.